स्कोअरकार्ड खालून वाचावं

माझी भाची न्यू जर्सीला असते. दोन-तीन वर्षांनी एकदा ती माहेरी येते आणि येताना बदाम, चॉकलेटं आणि नेमका उपयोग काय हे आमच्या घरात कुणालाच सांगता येत नाही अशा चार वस्तू घेऊन येते. २०२५ च्या जुलैत आली तेव्हा या सामानाबरोबर तिचा अकरा वर्षांचा मुलगाही होता. हा मला 'मामाआजोबा' म्हणतो. मराठी चांगलं बोलतो. फक्त वाक्य क्रियापदापर्यंत पोचायच्या आत त्याचं मराठी संपतं आणि पुढचं काम इंग्रजीला करावं लागतं.

बाहेर मुंबईचा पाऊस आणि घरात कोंडलेलं पोरगं. अंगात निळा शर्ट आणि पाठीवर ४१ हा आकडा. मला आधी वाटलं, शाळेतला हजेरीचा नंबर असेल. तसं विचारलंही. त्याने माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की माझ्याबद्दलचा उरलासुरला आदर तिथेच आऊट झाला.

"हा टॉम सीव्हरचा नंबर. मेट्सचा पिचर."

मेट्स हा न्यूयॉर्कचा बेसबॉलचा संघ, एवढं मला कळलं. पुढचं त्याने सांगितलं. सीव्हरने १९६९ साली एकट्याने पंचवीस मॅचेस जिंकल्या आणि तोवर तळाशी रखडणारा तो संघ त्या वर्षी अजिंक्य ठरला. सगळ्या कारकिर्दीत त्याच्या नावावर ३११ विजय. हा गृहस्थ १९८६ साली शेवटचा खेळला आणि २०२० साली वारला. आमच्या चिरंजिवांचा जन्म २०१४ चा.

"अरे, पण तू तर त्याला पाहिलेलाच नाहीस!"

"मग तुम्ही टिळकांना पाहिलंय?" भिंतीवरच्या तसबिरीकडे बोट दाखवून तो म्हणाला. पोरगं आईवर गेलंय.

"आणि एकट्याने पंचवीस मॅचेस जिंकल्या म्हणजे काय? बाकीचे आठ काय करत होते?"

तेव्हा त्याने मला एक अजब गोष्ट सांगितली. बेसबॉलमध्ये प्रत्येक मॅच जिंकली की तो विजय एका पिचरच्या नावावर लिहितात. पिचर म्हणजे चेंडू टाकणारा, आपला गोलंदाजच म्हणा. हरली तर पराभवही पिचरच्या नावावर. 'डब्ल्यू' म्हणजे विन आणि 'एल' म्हणजे लॉस. साय यंग नावाच्या पूर्वीच्या एका पिचरच्या नावावर ५११ 'डब्ल्यू' आहेत. तो विक्रम अजून मोडलेला नाही आणि दर वर्षी उत्तम पिचरला त्याच्या नावाचं पारितोषिक देतात.

मी खुर्चीत सरळ बसलो. गोलंदाजाच्या नावावर विजय! सबंध सामना त्याच्या नावे! आमच्या मामांना हे कळलं असतं तर त्यांनी त्या वयात पासपोर्ट काढला असता.

तेवढ्यात मुलाचं लक्ष टेबलावरच्या वहीकडे गेलं. लाल कापडी पाठीची जाड, कचेरीतली वही. ती मार्चपासून तिथेच होती. कपाटात परत ठेवायचं माझ्याकडून झालं नव्हतं. त्याने ती उघडली. आत मामांनी लाल पेन्सिलीने आखलेले रकाने, वर इंग्रजी अक्षरं - ओ, एम, आर, डब्ल्यू - आणि प्रत्येक ओळीत कारकुनी वळणाची इंग्रजी नावं. मुलगा बघत राहिला. मग त्याचा आवाज एकदम चढला.

"मामाआजोबा, हा शिवलकर कोण? वन गेम, एट विन्स?"

"अं?"

"आणि हा गुप्ते... टेन? आणि इथे शिवलकरचे टोटल..." त्याने बोट ओळीवरून दोनदा फिरवलं. "फाइव्ह एटी-नाइन? साय यंगपेक्षा जास्त?"

आता तुम्हाला ठाऊक आहेच, की आपल्याकडे 'डब्ल्यू' म्हणजे विन नव्हे, विकेट. ओव्हर, मेडन, रन, विकेट. ही चूक सुधारायला मी तोंड उघडलं. पण खरं सांगतो, उघडलेलं तोंड मी क्षणभर तसंच ठेवलं. पन्नास-साठ वर्षांत मामांच्या वहीकडे इतक्या आदराने कुणी पाहिलं नव्हतं.

मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. फोर्टातल्या एका कचेरीत कारकून होते. माणूस अबोल, पण क्रिकेटवर बोलायला लागले की लग्नघरातली मंडळी पंगत सोडून ऐकायला यायची, आणि मामा फक्त गोलंदाजांवरच बोलतात हे लक्षात आलं की परत पंगतीत जायची. कारण मुंबई हे फलंदाजांचं शहर. मर्चंट, मांजरेकर, वाडेकर, सरदेसाई, गावसकर, वेंगसरकर, तेंडुलकर - ही नावं इथे आरतीच्या चालीवर म्हणता येतात. पोराच्या हातात खुळखुळ्याऐवजी बॅट देणारे बाप मी पाहिले आहेत. बॉल देणारा एकही पाहिला नाही.

आमच्या चाळीतल्या क्रिकेटचा कायदाही तोच होता. बॅट ज्याची, पहिली बॅटिंग त्याची. माझ्याकडे बॅट नव्हती, त्यामुळे माझं सगळं बालपण दुसऱ्याच्या बॅटिंगला बोलिंग टाकण्यात गेलं. तो आऊट झाला की बॅट घेऊन घरी जायचा आणि आमची पाळी यायच्या आत सामना संपायचा. पुढे नोकरीला लागल्यावर या अनुभवाचा फार उपयोग झाला.

एकदा मी पेपरातलं स्कोअरकार्ड वाचत होतो. वाडेकर किती, सरदेसाई किती. मामांनी पेपर माझ्या हातून घेतला आणि म्हणाले, "बाळ, स्कोअरकार्ड खालून वाचावं." खालून म्हणजे जिथे बारीक टाइपात गोलंदाजीचं पृथक्करण छापतात तिथून. "धावा करणारा हरू देत नाही. जिंकून देतो तो विकेट काढणारा." मामांचं हे तत्त्वज्ञान होतं. मुंबईने १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत लागोपाठ पंधरा वर्षं रणजी करंडक जिंकला. लोक म्हणायचे, काय ती बॅटिंग! मामा म्हणायचे, "अरे, पण समोरच्याचे दहा जण आपोआप बाद होत होते का? घरी जायची घाई होती त्यांना?" एका पेपराने जागेअभावी पृथक्करण छापणं बंद केलं, तेव्हा मामांनी संपादकांना पत्र लिहिलं. तेही जागेअभावी छापलं गेलं नाही. त्या दिवसापासून मामांनी वही घातली.

वहीची सुरुवात सुभाष गुपत्यांपासून. मुंबईचा लेगस्पिनर. १९५४-५५ मध्ये मुंबईकडून खेळताना पाकिस्तानी सैन्यदल आणि बहावलपूर यांच्या संयुक्त संघाचे दहाच्या दहा बळी त्याने ७८ धावांत घेतले. एका डावात दहा बळी घेणारा तो पहिला भारतीय. १९५८ च्या डिसेंबरात कानपूरच्या कसोटीत वेस्ट इंडिजचे नऊ बळी १०२ धावांत. दहावी विकेट वसंत रांजणेने नेली. रांजणे पुण्याचा. "एक होती, तीही पुण्याने सोडली नाही," हे मामा पुढची तीस वर्षं म्हणत आले. मामी पुण्याच्या होत्या, त्यामुळे हे वाक्य ते मामी स्वयंपाकघरात गेल्यावर म्हणत.

मग रमाकांत देसाई. उंची साडेपाच फुटांच्या आत. त्याला 'टायनी'च म्हणायचे. एवढ्याशा देहातून तो असा बंपर काढायचा, की समोरचा धिप्पाड फलंदाज आधी खाली वाकून बघे, हा आला कुठून! पहिल्याच रणजी मोसमात पन्नास बळी, सरासरी ११.१०. लगेच दिल्लीत वेस्ट इंडिजविरुद्ध कसोटी. एकोणीस वर्षांचं पोर, आणि टाकायला दिली एकोणपन्नास षटकं! वेस्ट इंडिजने ६४४ केल्या, त्यात याने १६९ धावांत चार बळी घेतले. आणि लोकांना काय आठवतं? १९६० साली ब्रेबॉर्नवर पाकिस्तानविरुद्ध त्याने बॅट फिरवून ८५ केल्या आणि नाना जोशींबरोबर नवव्या जोडीला १४९ जोडल्या, ते! मामा कपाळावर हात मारून घेत. "उद्या लता मंगेशकर पोळ्या छान लाटतात म्हणाल."

पण मामांचा खरा जीव डावखुऱ्या फिरकीवर. गाण्यात घराणी असतात तसं हे मुंबईचं घराणं, असं त्यांचं म्हणणं. मूळ पुरुष पळवणकर बाळू. पुण्याला गोऱ्यांच्या क्लबात महिना चार रुपयांवर खेळपट्टीची राखण आणि साहेबांना नेटमध्ये गोलंदाजी टाकायची, हे त्याचं काम. मुंबईला आल्यावर हिंदूंच्या संघातून खेळला. १९०६ साली त्या संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं, आणि १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूने शंभरावर बळी घेतले. पण जात अस्पृश्य मानलेली. पुण्यात संघातले लोक चहा पॅव्हेलियनमध्ये घेत आणि बाळूला बाहेर मातीच्या भांड्यातून देत. कप्तानपद त्याला कधी मिळालं नाही. ते १९२३ साली त्याच्या भावाला, विठ्ठलला मिळालं. विठ्ठल फलंदाज होता. मामा हे सांगताना थट्टा करत नसत.

त्या घराण्यातले पुढचे विनू मंकड. १९५२ साली लॉर्ड्सवर त्यांनी ७२ आणि १८४ केल्या, हे सगळ्यांना पाठ. त्याच सामन्यात एका डावात त्यांनी ७३ षटकं टाकली आणि पाच बळी घेतले, हे फक्त मामांच्या वहीत.

मग बापू नाडकर्णी. १९६४ च्या जानेवारीत मद्रासला इंग्लंडविरुद्ध बापूंनी एक पराक्रम केला. मी बारा वर्षांचा होतो. बोलस आणि बॅरिंग्टन खेळत होते, आणि बापू टाकत होते. टाकत होते आणि टाकतच होते. लागोपाठ एकवीस षटकं निर्धाव! शेवटी हिशेब झाला तो असा: षटकं ३२, निर्धाव २७, धावा ५, बळी शून्य. खेळपट्टीवर नाणं ठेवून त्यावर चेंडू टाकायचा सराव करायचे म्हणतात. आमच्या आईला क्रिकेटमधलं काही कळत नसे, पण हे आकडे ऐकून ती म्हणाली, "संसार असाच करावा लागतो." महिनाअखेरीला मी तिच्याकडे सिनेमाला पैसे मागायचो तेव्हा आई नाडकर्ण्यांच्या शैलीतच गोलंदाजी करायची. बरोब्बर टप्पा, एकही धाव नाही.

आणि मग पद्माकर शिवलकर. पॅडी.

रणजीचे सामने पाहायला मामा मला ब्रेबॉर्नवर न्यायचे, पण पॅडीला मी खरा पाहिला तो शिवाजी पार्कावर, कांगा लीगमध्ये. ही स्पर्धा भर पावसात खेळतात. बाकीचं जग छत्र्या उघडतं तेव्हा मुंबईचे लोक पॅड बांधतात. गवत गुडघ्याला लागतंय, बोलर पाऊल टाकतो तिथे भुसा पसरलाय, मधेच सर आली की सगळे झाडाखाली. आम्ही कट्ट्यावर. मामांच्या एका हातात छत्री, दुसऱ्या हातात चण्याची पुडी, आणि छत्री धरलेली चण्यांवर. पॅडी शिवाजी पार्क जिमखान्याकडून खेळायचा. चार पावलांचा रनअप, हात घड्याळाच्या काट्यासारखा वर येणार आणि चेंडू सुटला की हवेत जरासा रेंगाळणार. आता पुढे जावं की मागे राहावं, या विचारात समोरचा फलंदाज लग्नाला होकार द्यावा की नाही अशा चेहऱ्याने उभा. तोवर मागे बेल पडलेली असे. मामा एक चणा तोंडात टाकत आणि म्हणत, "बघ. कुणाला ओरडला नाही, उड्या मारल्या नाहीत. आपलं काम केलं आणि परत रनअपला निघाला."

हा मुलगा टेनिस बॉलवर खेळायचा. एका निवडचाचणीत विनू मंकडांनी त्याच्यातला गोलंदाज ओळखला. घराण्याचा गंडा बांधला गेला तो असा.

१९७२-७३ ची रणजी अंतिम फेरी मद्रासला, चेपॉकवर. समोर तामिळनाडू, व्यंकटराघवन आणि व्ही. व्ही. कुमारसारखे फिरकीवाले. खेळपट्टी अशी, की गावसकर-वाडेकरांच्या मुंबईला १५१ करताना घाम फुटला. मग पॅडीच्या हातात चेंडू आला. तामिळनाडू सर्वबाद ८०. शिवलकर १६ धावांत आठ बळी. मुंबई दुसऱ्यांदा ११३. तामिळनाडू सर्वबाद ६१. शिवलकर १८ धावांत पाच, उरलेले पाच एकनाथ सोलकरचे. पाच दिवसांचा सामना दोन दिवस आणि एका चेंडूत संपला. लागोपाठ पंधरावं अजिंक्यपद. मामा सकाळी पेपर घेऊन थेट आमच्या घरी आले, चप्पल न काढता आत आले आणि आईला म्हणाले, "आता नाही कसं म्हणतील?"

'नाही' म्हणणारे म्हणजे निवड समितीवाले. कारण पॅडी तोवर एकही कसोटी खेळला नव्हता. आड येत होता बिशनसिंग बेदी. तोही डावखुरा, तोही फिरकीवाला आणि जगातला उत्तम. हरियाणाच्या राजिंदर गोयलचंही तेच दुखणं. रणजीत ६३७ बळी, आजही विक्रम, आणि कसोट्या शून्य. एका खुर्चीला तीन माणसं. खुर्चीवर बसलेला उठेना, आणि तो वाईट बसलाय असंही म्हणता येईना.

संघ जाहीर व्हायचा दिवस असला की मामा कचेरीतून परस्पर आमच्याकडे येत, कारण त्यांच्याकडचा रेडिओ खरखरायचा. बातम्या लागत. नावं वाचली जात. मामा मान खाली घालून ऐकत. संपलं की म्हणत, "ठीक आहे. पुढच्या खेपेला." चहा घेत आणि जात. वर्षानुवर्षं.

१९७४ साली इंग्लंडला जाणाऱ्या संघाची नावं आली. बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर, व्यंकट, चौघेही. मामा म्हणाले, "ठीक आहे. पुढच्या खेपेला." मी बावीस वर्षांचा होतो, नुकता नोकरीला लागलो होतो आणि त्या वयात माणसाला वाटतं तेवढा हुशार होतो. मी म्हणालो, "कसली पुढची खेप, मामा? बेदी सत्तावीस वर्षांचा आहे. तुमचा पॅडी तेहतीस. रांगेत पुढे उभा असलेलाच वयाने लहान, म्हणजे नंबर कधी लागायचा? तुमच्या त्या हेडक्लार्कसारखंच झालं!"

मामांच्या कचेरीत हेडक्लार्कची जागा एकच होती. तिथे बसलेले गृहस्थ मामांहून सहा वर्षांनी लहान होते. कामाला चोख होते, मामांशी अदबीने वागायचे. त्यांच्यावर रागावायचीही सोय नव्हती. हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि सगळ्यांनी ते कधी न बोलायचं ठरवलं होतं.

आईच्या हातातली कपबशी वाजली. मामा काही बोलले नाहीत. चहा पूर्ण प्यायले, कप खाली ठेवला आणि म्हणाले, "बेदी चांगला बोलर आहे रे. त्याचा काही दोष नाही." आणि गेले.

त्यानंतरही मामा आमच्याकडे येत राहिले, रेडिओ ऐकत राहिले. मी क्षमा मागितली नाही. आमच्यात मोठ्या माणसांची क्षमा मागायची पद्धत नव्हती. नमस्कार करायची होती. दिवाळीला मी जरा जास्त वाकून नमस्कार केला, एवढंच. त्यांना कळलं की नाही देव जाणे. मामा पुढे निवृत्त झाले ते त्याच खुर्चीवरून.

मुंबईला पुढेही गोलंदाज मिळत गेले. अब्दुल इस्माइलचाही कसोटीत नंबर लागला नाही. राजकोटहून आलेल्या करसन घावरीचा लागला, आणि १९८१ साली मेलबर्नला त्याने ग्रेग चॅपलचा पहिल्याच चेंडूवर त्रिफळा उडवला. त्याच वर्षी घराण्यात नवा वारस आला, रवी शास्त्री. मामा खूश! पण हा वारस बॅटिंगकडे वळला. "मुलगा चांगला होता हो, संगत बिघडली," असं मामा म्हणत. १९८५ च्या जानेवारीत शास्त्रीने बडोद्याविरुद्ध एका षटकात सहा षटकार मारले. आजही कुणाला विचारा, सहा षटकार सांगेल. त्याच मोसमात वानखेडेवरच्या अंतिम सामन्यात दिल्लीच्या दुसऱ्या डावातले आठ बळी त्याने ९१ धावांत काढले आणि करंडक मुंबईला मिळवून दिला. हे कुणाला विचारा, घड्याळात बघेल.

१९८३ साली गावसकरचं 'आयडॉल्स' आलं. त्यात जगातल्या थोर खेळाडूंच्या पंगतीत त्याने शिवलकर आणि गोयल यांनाही बसवलं होतं. मी ते पुस्तक मामांना नेऊन दिलं. क्षमा मागायची ती माझी दुसरी पद्धत. मामांनी ते प्रकरण दोनदा वाचलं आणि चष्मा पुसला. "एका बॅट्समनने लिहिलं. बरं झालं," म्हणाले.

आणि १९८७-८८ च्या मोसमात आक्रीत झालं. निवृत्त झालेल्या शिवलकरला मुंबईने परत बोलावलं. वय वर्षं सत्तेचाळीस! दोन सामने खेळला. मामा तेव्हा कचेरीतून घरी बसून कितीतरी वर्षं झालेली. त्या दिवशी मात्र ते इस्त्रीचा शर्ट घालून आमच्याकडे आले, खुर्चीत बसले आणि जरा वेळाने म्हणाले, "परत बोलावतात रे. चांगलं काम केलं असलं की परत बोलावतात माणसाला."

मामांना कुणी बोलावलं नाही. १९९० साली ते गेले. मामींनी वही माझ्याकडे पाठवली.

२०१७ साली शिवलकर आणि गोयल या दोघांनाही भारतीय मंडळाने सी. के. नायडू जीवनगौरव दिला. २०२० मध्ये बापू गेले, गोयल गेले. ३ मार्च २०२५ ला शिवलकर गेल्याची बातमी आली. मी वही काढली आणि शिवलकरच्या पानावर शेवटची ओळ लिहिली: सामने १२४, बळी ५८९, सरासरी १९.६९. अक्षर मामांसारखं काढायचा प्रयत्न केला, पण साधलं नाही. आणि वही टेबलावरच राहिली.

हे सगळं मी त्या मुलाला सांगितलं. अर्थात क्रियापदं इंग्रजीत. 'डब्ल्यू' म्हणजे विन नव्हे, विकेट, हेही शेवटी सांगितलं. वाटलं, आता याचा विरस होणार. तो विचारात पडला.

"पण त्या मद्रासच्या गेममध्ये पिचर शिवलकर होता ना?"

"हो."

"मुंबई जिंकली ना?"

"जिंकली."

"मग डब्ल्यू त्याचाच," तो म्हणाला आणि टेबलावरची पेन्सिल घेऊन त्याने त्या ओळीपुढे भलामोठा 'डब्ल्यू' काढला. मी अडवणार होतो, पण अडवलं नाही.

मग दुपारभर आम्ही वही तपासली. न्यायाधीश तो, कारकून मी. शास्त्री, १९८५, दिल्लीविरुद्ध: डब्ल्यू. गुप्ते, कानपूर, नऊ बळी. "जिंकलो?" नाही रे, २०३ धावांनी हरलो. त्याने शांतपणे 'एल' काढला. मी भांडलो. नऊ बळी घेऊन त्याच्या नावावर पराभव? तो म्हणाला, "सीव्हरचे पण टू हंड्रेड अँड फाइव्ह आहेत. टीमने रन्स केले नाहीत, तरी एल पिचरलाच." म्हणजे तिकडेही न्याय अगदीच स्वस्त नव्हता. शेवटी नाडकर्णी. मॅच कोण जिंकलं? कुणीच नाही, अनिर्णित. "फाइव्ह डेज? अँड नोबडी?" पोराचा चेहरा बघण्यासारखा झाला. बापूंच्या ३२-२७-५-० पुढे त्याने लिहिलं, 'नो डिसिजन'. बेसबॉलमध्ये तेही असतं म्हणे.

ऑगस्टमध्ये ती मंडळी परत गेली. घर एकदम मोठं झालं. वही कपाटात ठेवायला म्हणून उचलली, तेव्हा कव्हरकडे लक्ष गेलं. कव्हरवर मामांचं नाव आहे. त्याखाली कचेरीतल्या सवयीने त्यांनी हुद्दाही लिहिलाय: ज्युनियर क्लार्क. आतल्या ओळी संपल्यावर पोराने कव्हरही सोडलं नव्हतं. नावापुढे पेन्सिलीने एक 'डब्ल्यू' होता.

वह्यापुस्तकांवर रेघोट्या मारलेल्या मला खपत नाहीत. ड्रॉवरमधून खोडरबर काढलंही होतं. मग ते तसंच परत ठेवलं.